भाताच्या खाचरातले आंबे

मुळशीतल्या चांद्यात सगळ्यात चांगलं खाचर कुणाचं, असं विचारलं की लोक गोजराबाईंचं नाव घ्यायचे, नवऱ्याचं, हैबतरावांचं, नव्हे. आंबेमोहोर पिकवावा तर त्या बाईनंच. घरात वर्षभर तोच शिजायचा आणि उरलेला न्यायला पुण्याची गिऱ्हाइकं दारात यायची.

असल्या खाचरात हैबतरावांनी आंबे लावले! डोकं फिरलं होतं काय? फिरलंच होतं, आणि फिरवणारा पुतण्या किशोर. तो एका पुढाऱ्याच्या पुढंपुढं करायचा. २००६च्या दिवाळीत खबर घेऊन आला, की आयटी कंपन्यांचा पसारा आता चांद्यापर्यंत येणार, सरकार जमिनी घेणार.

"तात्या, फळझाडांचं पैशे येगळं मिळत्यात. झाडागणिक! मोजणीवालं यायच्या आत कलमं लावा."

"आन् भात कुटं करायचा? तुज्या पुढाऱ्याच्या टकुऱ्यावर?" गोजराबाई कडाडल्या.

"काकी, मोजणी आता आलीच म्हणून समज."

बाजारात तुरी, तसली ही गत. पण हैबतरावांना पटलं. पाणी साचलं तर कलमं कुजतील, म्हणून त्यांनी खाचराचे चारही बांध फोडले. गोजराबाईंनी भांडून पाहिलं, दोन दिवस चूल पेटवली नाही. उपाशी राहून हैबतरावांनी दीडशे कलमं लावली.

मोजणी काही येईना. पहिल्या वर्षी किशोर म्हणाला, "फाइल वर गेलीया." दुसऱ्या वर्षी म्हणाला, "सायेब बदललं." तिसऱ्या वर्षी त्यानं तात्याच्या दारावरून जाणंच सोडलं. इकडं मुळशीचा पाऊस का कुणाचं ऐकतो? बांध नसले तरी त्या चिकण मातीनं पाणी धरलंच, आणि कलमं एकेक करून गेली. जन्मात तांदूळ विकत न घेतलेल्या गोजराबाई पिरंगुटच्या दुकानात पोत्यात हात घालून दाणा बघायच्या. ओळखीचं कुणी दिसलं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग २००९ची निवडणूक आली. तोच पुढारी देवळापुढं गरजला, "एक इंच जमीन जाऊ देणार नाही!" जमिनी घेणं रद्द झाल्याचं जाहीर झालं. गुलाल उधळला आणि मिरवणुकीत सगळ्यांत पुढं किशोर नाचला. निर्लज्ज मेला!

गोजराबाईंनी त्याच आठवड्यात वाळकी कलमं उपटली. बांध घालायला गडी मिळेना, जो तो कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा. शेवटी उन्हाळ्यात ही साठीची दोघं स्वतःच दगड वाहू लागली. मे महिन्यापर्यंत एक बांध उभा राहिला. औंदा निदान घरापुरता भात लावायचाच, असं बाईंनी ठरवलं होतं.

आणि मोजणीची जीप आली.

"आवो, रद झालं हुतं न्हवं?" गोजराबाईंनी विचारलं.

"ते निवडणुकीआधी, आजी."

साहेबानं टेप धरायला लावली, सातबारा चाळला आणि कागदावर लिहिलं. हैबतरावांनी वाकून वाचलं. पडीक.

"पडीक?" गोजराबाईंचा आवाज चिरकला. "सायेब, गावात जाऊन इचारा कुनालाबी. हितला आंबेमोहोर पुन्यात जायाचा!"

"तीन वर्षं सातबाऱ्यावर भाताची नोंद नाही. झाडही एक दिसत नाही. पडीकचा दर निम्मा असतो, मी काय करू?"

"तुमीच येतो येतो म्हून तीन वरसं..." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "भात लिवा. त्याबिगर आमी सही करनार न्हाई."

साहेबानं पेनाला टोपण लावलं. "सही नसली तरी जमीन जातेच, आजी."

जीप गेली. हैबतराव मान खाली घालून दुसऱ्या बांधाकडं गेले आणि दगड उचलायला वाकले.

"ऱ्हाऊ द्या आता!" गोजराबाई ओरडल्या. "आता कुनासाठी रचताय?"

पण हैबतरावांनी दगड बांधावर बसवला, आणि दुसरा आणायला गेले.