तापलेल्या समुद्राचं साल

ज्ञानेश्वरी हवामान सल्ला केंद्रात नोकरीला लागली, त्याच साली तिनं गावी पिशोरला जाऊन वडिलांना मेंढरं कमी करायला लावली. लांबचा प्रशांत महासागर तापला की आपल्याकडचा पाऊस बहुतेकदा दगा देतो, हे तिनं सूर्यभानला पटवलं. आदल्या वर्षीचा दुष्काळ त्याच्या डोळ्यांसमोर होताच. साठातली चाळीस मेंढरं त्यानं विकली. मग अरबी समुद्रच असा तापला की सगळा अंदाज उलटला. दिवाळीपर्यंत पाऊस, डोंगर हिरवेगार. गावात थट्टा झाली. सूर्यभान मात्र चकार शब्द बोलला नाही, आणि तेच तिला लागलं.

चार वर्षांत कळप पुन्हा भरला. प्रशांत महासागरही पुन्हा तापू लागला, या खेपेला कितीतरी जास्त. केंद्रातले आकडे तिनं पुन्हा पुन्हा तपासले. चैत्रात ती घरी गेली, तेव्हा सूर्यभाननं आपणहून विचारलं, "औंदा काय म्हनतोय तुझा समुंदर?"

"सांगता येत नाय, आबा. कधी पडतो, कधी नाय."

शब्द खोटे नव्हते. पण दुष्काळाचंच पारडं जड आहे, एवढं तिनं गिळून टाकलं.

अख्खा ऑगस्ट कोरडा गेला. होळीपर्यंत पिशोरकडं काडी उरली नाही, तेव्हा आईबाप कळप घेऊन शहरात मुकुंदवाडीला तिच्या खोलीवर आले. पलीकडच्या ज्या माळावर सूर्यभान पूर्वी उन्हाळे काढायचा, तिथं आता प्लॉट पडले होते. तारेची कुंपणं, सिमेंटचे रस्ते, बाभळी तोडलेल्या. त्याचा गुडघा धरला होता, म्हणून ज्ञानेश्वरीची आई म्हाळसाबाईच मेंढरं घेऊन लांब लांब जायची. एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागर तापल्याच्या, पाठोपाठचा उन्हाळा भाजून काढतो, हे ज्ञानेश्वरीला ठाऊक होतं. भर दुपारी बाहेर राहू नको, असं तिनं आईला बजावलं. मेंढरांचं पोट भरल्याबिगर कसं परतायचं, असं म्हणून म्हाळसाबाई जातच राहिली.

मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर गेला, त्या दिवशी मेंढरं एकटीच परतली. म्हाळसाबाई एका प्लॉटच्या जाहिरातफलकाखाली, हातभर सावलीत पडलेली सापडली. अंग तव्यासारखं तापलेलं. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्यानंतर ज्ञानेश्वरीनं वडिलांजवळ कबूल केलं. "दुष्काळ पडणार, हे मला जवळजवळ पक्कं वाटत व्हतं, आबा. पण पुन्हा खोटी पडले असते तर?"

"तर लोकं हसली असती," सूर्यभान म्हणाला. "येवढंच ना?"

मेंढरं त्यानं पाव्हण्यांकडं लावून दिली. पुढं समुद्र निवला, पाऊस भरपूर झाला. सूर्यभान तोवर त्याच माळावरच्या एका बांधकामावर राखणीला लागला होता. श्रावणात एकदा ती डबा घेऊन गेली, तेव्हा तो सिमेंटच्या पोत्यांवर ताडपत्री ओढत होता. तिच्याकडं न बघताच म्हणाला, "तिकडून धर. पोती भिजायलीत."

तिनं डबा खाली ठेवला आणि दुसरं टोक धरलं.