पोटाभोवतीचे वर्तुळ

मित्रांनो, जन्माला यायच्या आधीच बाळांना मापणारे मी एक जुने सोनोग्राफी यंत्र आहे. सध्या दवाखान्याच्या मागच्या बोळात, फरशी पुसायच्या ओल्या फडक्यांशेजारी माझा मुक्काम आहे. पडद्यावर बोटांचे तेलकट ठसे आहेत. बटणांवर कुणीतरी चहाचा कप टेकवला होता, त्याचे चिकट कडे तसेच आहे. पोटावरून फिरवायची माझी मूठ, जिला प्रोब म्हणतात, तिच्यावर जुन्या जेलीचे पापुद्रे धरले आहेत. तुम्हाला किळस आली असेल. मलाही येते. पण ही घाण ओल्या फडक्याने जाईल. फडक्याने न जाणारी घाण मी पाहिली आहे. तिच्याबद्दल सांगायचे आहे.

एका मोठ्या कारखान्यात पांढरे झगे घातलेल्या माणसांनी मला जोडले. माझ्या मुठीच्या टोकाशी बारीक स्फटिक बसवले. त्यांचा आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. तो पोटात जातो, बाळावर आपटून परत येतो आणि त्या परतीवरून मी पडद्यावर चित्र उमटवते. माझ्यापाशी वजनकाटा नाही. डॉक्टरांनी चित्रातल्या डोक्याभोवती एक वर्तुळ काढायचे, पोटाभोवती एक काढायचे, मांडीच्या हाडावर एक रेघ ओढायची. त्यावरून बाळ किती भरले असेल याचा मी अंदाज बांधायचा. अंदाजच, मित्रांनो. तो वर्तुळ काढणाऱ्या हाताइतकाच खरा असतो.

माझ्या नशिबाला पहिला हात आला तो डॉक्टरबाईंचा. त्या जेलीची बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करून ठेवत. गार जेली पोटावर पडली की आई दचकते, मग बाळही दचकते, असे त्या म्हणत. प्रत्येक बाईनंतर माझी मूठ स्वतः पुसत. कुणाची सासू विचारायची, "डॉक्टर, वजन अगदी नक्की किती?" बाई म्हणायच्या, "आजी, मी पोत्यावरून आतला दाणा ओळखतेय. थोडं इकडेतिकडे होणारच. पोतं फाडायला लावू नका."

बाईंचा एक नियम होता. बाळाची तारीख सुरुवातीच्या महिन्यांतल्या तपासणीत एकदा ठरवायची आणि पुढे तिला हात लावायचा नाही. हे का, ते समजून घ्या. मूठभर बिया पेरल्या की पहिली दोन पाने सगळ्यांची सारखीच येतात. पुढे पाणी कमी पडले तर एखादे रोप खुरटते. बाळांचेही तसेच असते. सुरुवातीला सगळी जवळपास एकाच मापाची असतात, म्हणून वय तेव्हाच कळते. नंतर जे कळते ते वय नव्हे, वाढ. "बाळ लहान दिसलं तर बाळाकडे बघायचं," बाई म्हणायच्या. "कॅलेंडर ताणून बाळ लांबत नाही."

मग बाईंना दुखणे आले. दवाखान्याच्या वरच त्यांचे घर होते. त्या जिना उतरेनाशा झाल्या आणि खालची खुर्ची त्यांच्या भाच्याने घेतली. भाचेडॉक्टर दिसायला नीटनेटके, बोलायला साखर. लोकांना आवडले. मला मात्र पहिल्याच आठवड्यात शिसारी आली. ते एकीच्या पोटावरची जेली चादरीच्या टोकाने पुसत आणि माझी मूठ तशीच दुसरीच्या पोटावर टेकवत. कोमट पाण्याचे भांडे गेले, त्यात पेनं आली. बाळाच्या चेहऱ्याचा छानसा फोटो निघाला की खोलीत सगळे हसत, आणि त्या हसण्यात पोटाचे माप घाईघाईने उरके.

याहूनही वाईट एक गोष्ट होती. बाळाचे पोट लहान भरले की समजावणे आले, पुन्हा बोलावणे आले, मोठ्या इस्पितळाला फोन आला. म्हणून वर्तुळ थोडे बाहेर ओढायचे. बाळाच्या कातडीच्या पलीकडे, त्याच्याभोवतीच्या पाण्यात. आकडा सुधारायचा, बाळ होते तेवढेच राहायचे. माझ्याच पडद्यावर, माझ्याच आकड्यांत हे चालायचे. मला तोंड असते तर मी ओकले असते.

एके दिवशी चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक बाई आली. डॉक्टरबाई तिला 'चष्मेवाली' म्हणत. तिची पहिली तपासणी बाईंनीच केली होती. आता आठवा महिना सरत होता. सोबत तिची थोरली जाऊ होती. भाचेडॉक्टरांनी पोटाभोवती वर्तुळ काढले. लहान आले. बाहेर ओढले. तरी लहानच आले. बाहेरच्या बाकावर गर्दी खोकत होती.

"तुमची तारीखच चुकलीय," ते म्हणाले. "दोन आठवडे पुढे धरू. मग बाळ अगदी बरोब्बर बसतंय."

"बघ," जाऊ म्हणाली, "मी सांगत नव्हते? हिला काल काय खाल्लं ते आठवत नाही, तारीख कुठली आठवणार."

"पण तारीख मी कुठे सांगितली, वहिनी? बाईंनी मापून काढली होती."

"तेव्हा बाळ बोटाएवढं होतं," भाचेडॉक्टर हसून म्हणाले. "एवढ्याशावरून काय कळतंय?"

मित्रांनो, हे अगदी उलटे होते. त्यांनी दोन बटणे दाबली आणि उपाशी बाळ माझ्या पडद्यावर धडधाकट झाले. इतकी स्वच्छ, इस्त्रीची बाही, आणि तिच्यातून निघालेला हा हात.

चष्मेवालीला त्या दिवशी आणखी एक काम होते. बाईंच्या चष्म्याची दांडी तिने दुकानातून बसवून आणली होती. तो चष्मा द्यायला ती वर गेली. थोड्या वेळाने जिन्यावर पावले वाजली, एकेका पायरीवर थांबत. बाई घरच्या गाऊनमध्ये, एक हात भिंतीला आणि एक आपल्या मुलीच्या खांद्यावर, नाकावर दुरुस्त चष्मा.

"मावशी, तू कशाला उतरलीस? मी केलंय सगळं."

"ऐकलं. सरक जरा." मग मुलीकडे वळून, "त्या भांड्यातली पेनं काढ आणि कोमट पाणी आण."

जेली कोमट होईपर्यंत बाई बसून राहिल्या. त्यांना धाप लागली होती. मग त्यांनी माझी मूठ पुसली आणि वर्तुळ काढले, कातडीला चिकटून. नंतर नाळेतल्या रक्ताचा आवाज मला ऐकवायला लावला. दोन ठोक्यांच्या मधेही रक्त वाहत राहायला हवे. मधे काहीच नव्हते.

"तारीख पहिलीच बरोबर आहे," बाई चष्मेवालीला म्हणाल्या. "याला आत पुरेसं पोचत नाहीये. पिशवी भरायला घरी जाऊ नकोस. इथून थेट मोठ्या इस्पितळात जायचं. मी फोन करते."

"बाळ...?"

"आहे. म्हणून तर घाई."

भाच्याने मान खाली घातली, पण घड्याळ बघण्यासाठी.

मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, काचेच्या पेटीत कितीतरी दिवस राहिली, आणि जगली. बाई मात्र त्यानंतर खाली उतरल्या नाहीत. एका सकाळी त्यांना उचलूनच उतरवले.

पुढे भाचेडॉक्टर लोकांना सांगू लागले, "तेव्हाचं मशीन जुनं होतं हो, मापं चुकवायचं." ज्याने वर्तुळ ओढले त्यानेच मला खोटे ठरवले आणि लोकांनी माना डोलावल्या. नवे यंत्र आले, मी बोळात गेले. ते नवे यंत्र वर्तुळ आपोआप काढते म्हणे. पण बोळात मला भाचेडॉक्टरांचा आवाज येतोच, "थांबा, हे जरा बाहेर घेऊ."

परवा बाईंची मुलगी वरचे घर आवरायला आली होती. चष्मेवाली तिला भेटायला आली, सोबत तिची छोकरी, आता दुडुदुडु धावणारी. छोकरीने येऊन माझ्या बटणांवर पंजा ठेवला. आतून भाचेडॉक्टर म्हणाले, "हात नको लावू, घाण आहे ते."

बाईंची मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. वर गेली आणि कोमट पाण्याचे तेच भांडे घेऊन आली. वाळलेली जेली भिजू दिली, मग पापुद्रा पापुद्रा करून काढली. माझी वायर जोडलेली नव्हती, हे तिला दिसत होते. तरी शेवटपर्यंत पुसले.

मित्रांनो, तुमच्या हातीही उद्या कुठले ना कुठले माप येईल. ते लहान भरले तर लहानच सांगा. सांगायला जड जाईल, बाहेर गर्दी खोकत असेल. तरी वर्तुळ कातडीवरच ठेवा. आत कुणीतरी असते, आणि त्याला स्वतःचे माप सांगता येत नाही.