ओट्यावरच्या दोन छत्र्या

धंतोलीच्या डॉक्टरांनी मला तीन महिने दिले होते. मला म्हणजे माझ्या नातीला, शामलाला. परंतु आमच्या घरात एखादी गोष्ट घडायची असेल तर ती मला सांगावी लागते, हे त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखले. आठव्या वर्षी ताप येऊन मुलीच्या उजव्या पायावरून वारे गेले होते. रोज तासभर पाण्यात बसवून पाय हलवल्यास पावसाळ्यापूर्वी फरक दिसेल. न दिसल्यास पुढे फारशी आशा धरू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

माझा मुलगा श्रीधर खापरखेड्याच्या वीजकेंद्रात इंजिनिअर. त्याने महिन्याभरात बंगल्याच्या मागच्या अंगणात पोहण्याचा हौद बांधवून घेतला आणि त्याच्या एका अंगाला, पाण्याच्या आत, रुंद ओटा ठेवला. त्यावर शामलाला बसवले की पाणी तिच्या कमरेपर्यंत येई. सकाळच्या गार पाण्यात तिचा पाय आखडे, म्हणून पाणी तापेपर्यंत थांबावे लागे. आणि वैशाखात आमच्याकडे पाणी तापते तेव्हा ऊनही माथ्यावर आलेले असते. पाचव्या आठवड्यात तिच्या पायाचा अंगठा प्रथमच हलला, आणि त्याच आठवड्यात तिला ऊन लागले. दोन दिवस ती डोळे उघडीना. सावलीची सोय झाल्याखेरीज मुलीला हौदात उतरवायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले.

श्रीधरने मुंबईच्या एका कंपनीचे चित्रांचे पुस्तक आणले. समुद्राकाठी लावतात तशा पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या होत्या, आणि आठ दिवसांत घरपोच येणार होत्या. मी ते पुस्तक मिटून परत दिले. जी वावटळ घरांवरचे पत्रे उडवते, तिच्यापुढे असले नाजूक दांडे कितीसे टिकणार, आणि एखादा मुलीच्या अंगावर कोसळला तर? सून सुमतीने मांडव सुचवला. वाळक्या काडांतून विंचू उतरतात म्हणून तोही मी मोडीत काढला. जाड कापडाच्या, लोखंडी दांड्याच्या दोन छत्र्या शिवून घ्यायच्या, सोबत बसणाऱ्यासाठी मोठी आणि मुलीसाठी लहान, आणि दांडे दगडी बैठकीत पक्के बसवायचे, असे मी ठरवले. दगडाचे काम आमच्या गावच्या धोंडबा गवंड्यावाचून मी कोणास देत नाही. तोंडी निरोप वाटेत बदलतो, हा माझा अनुभव. म्हणून मी स्वहस्ते चिठ्ठी लिहिली: ‘पाण्याकाठच्या ओट्यावर दोन छत्र्या बसवायच्या आहेत. एक मोठी, एक लहान. दगड चांगला निवडून ठेव. विलंब नको, वेळ थोडा उरला आहे.’

चार दिवस गेले, सहा गेले. धोंडबा आला नाही, उत्तरही आले नाही. शामला खाटेवर पडून असे, आणि मी रोज सकाळी तिचा अंगठा चिमटीत धरून हलवायला सांगे. सातव्या दिवशी तो हलला नाही. मी तिला म्हटले, आज तू दमली आहेस. सुमती उठून स्वयंपाकघरात गेली.

त्या दुपारी माझी नणंद यमुताई गावाहून न कळवता आली. आल्या आल्या तिने शामलाला पोटाशी धरले आणि देवीचा अंगारा लावला. जेवायला बसली, पण ताट तसेच सारून उठली. नंतर मला बाजूला घेऊन तिने हलक्या आवाजात विचारले, डॉक्टरांनी अगदीच हात टेकले का. मी तिला खडसावले. “वहिनी, तुमच्या छातीची कमाल आहे,” एवढेच ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपू लागली.

माझ्या मनात शंकेने घर केले. डॉक्टरांनी घरच्यांना काही सांगून माझ्यापासून लपवले असावे. मी श्रीधरला फोन लावला. तसे काही नाही, असे तो म्हणाला. परंतु म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबला, आणि तो क्षण माझ्या डोक्यातून जाईना.

नवव्या दिवशी धोंडबा आला. हातात ना हातोडा, ना छिन्नी. ओसरीच्या पायरीवर बसून त्याने डोक्याचे पागोटे काढले आणि मांडीवर ठेवले.

“बाईसाहेब, मोठी छत्री मालकाची, हे समजलं मले. त्यायले जाऊन दोन वर्सं झाले, व्हायलेच पाहिजे. पण लहानी कोणाची?”

“शामलाची. तिच्यासाठीच तर हे सगळे चालले आहे.”

त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. “जित्या लेकराची छत्री माह्या बापानं नाही बांधली, मी बी नाही बांधत. दुसरा गवंडी पाहा. पोरगी श्वास घेऊन राहिली अजून, अन् तुम्ही काहून एवढी घाई करून राहिल्या?”

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. आमच्या गावी नदीकाठी घराण्यातल्या मृतांच्या समाध्या आहेत: उंच ओटा, त्यावर चार खांब आणि दगडी घुमट. त्यालाच आम्ही छत्री म्हणतो. माझ्या सासऱ्यांची छत्री याच धोंडबाने घडवली होती. पाणी, ओटा, दगड, थोडा उरलेला वेळ: माझ्या चिठ्ठीतला एकही शब्द त्याला खटकण्याजोगा नव्हता. धोंडबाला अक्षर येत नाही. ती चिठ्ठी मास्तरांनी पारावर मोठ्याने वाचली होती आणि साऱ्या गावाने ऐकली होती.

मी त्याला समजावून सांगितले की मला कापडाच्या छत्र्या हव्या आहेत. त्याने पागोटे पुन्हा डोक्यावर चढवले.

“मंग कापडाच्या लिहाचं होतं ना, बाईसाहेब. आभाळात ढग नाही, अन् मले पावसाची छत्री कशी सुचन?”

यमुताई रडता रडता हसली. पण माझे लक्ष आतल्या दाराकडे होते. शामला खाटेवर उठून बसली होती.

“आजी, मी मरणार आहे का?”

मी तिला सांगितले की तसे काही नाही, चिठ्ठीत चूक झाली.

“तू तर कधी चुकत नाहीस,” ती शांतपणे म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी तिने सांगून टाकले की सावली झाली तरी ती हौदात उतरणार नाही. सुमतीने समजावले, श्रीधर रजा घेऊन आला, डॉक्टरही येऊन गेले. कोणाचे काही चालले नाही. आजी चुकत नाही, हे या घरात मीच तिला शिकवले होते.

अखेर मी घरातल्या सर्वांना तिच्या खाटेपाशी बोलावले. धोंडबालाही आत घेतले. उभी राहूनच बोलले, कारण बसले असते तर धीर सुटला असता.

“चिठ्ठी मी चुकीची लिहिली. त्याआधीही चुकले. तुझ्या बाबाने आणलेल्या छत्र्या मागवल्या असत्या, तर आज तू पाण्यात असतीस. तुझे दहा दिवस मी घालवले.”

शामला भिंतीकडून माझ्याकडे वळली. मग तिने विचारले, आणखी काय चुकले. मी म्हटले, आठवून सांगेन; बरेच निघेल.

सीताबर्डीच्या दुकानात आम्ही तिला उचलूनच नेले. मी पांढरे कापड पुढे केले, कारण पांढऱ्याखाली ऊन कमी लागते. तिने नकारार्थी मान हलवली. आजोबांना नेले तेव्हा त्यांच्यावर पांढरेच होते, ती म्हणाली. खाकीही नको. तिने पोपटी निवडले, आणि दुकानदार मापे लिहू लागला तेव्हा दोन्ही छत्र्या एकाच मापाच्या करायला सांगितले. मी तोंड उघडले आणि मिटले.

आज छत्र्या उभ्या राहिल्या आहेत. एकीखाली शामला, दुसरीखाली नऊवारीसकट पाण्यात मी. वावटळ सुटली की माझा हात तिच्या दांड्याकडे जातो, धोंडबाचा दगड हलणार नाही हे ठाऊक असूनही. थोड्या वेळापूर्वी तिने पाय पुढे केला.

“हलला का गं आजी?”

पाणीही हलत होते. अंगठा हलला की पाण्याने हलवला, हे मला नक्की सांगता येईना, आणि मी तिला तसेच सांगितले.

“मग थांब,” ती म्हणाली, “पाणी स्थिर होऊ दे.”