गार पडलेली बोटं

सकाळी अकराला वर्कशॉपमध्ये थोरल्या भावाने गिऱ्हाईकासमोर "साधं फाटकाचं माप घेता येत नाही, तू आपला झाडूच मार" असं सुनावलं आणि धाकट्याचं डोकं फिरलं. हातात लोखंडी अँगलचा तुकडा होता, तोच त्याने हाणला. टाळक्यातच बसायचा, थोरल्याने उजवा हात आडवा घातला म्हणून निभावलं. गिऱ्हाईकाने ढुंगणाला पाय लावून पळ काढला.

दवाखाना म्हणजे पोलीस, एवढं दोघांनाही कळत होतं. थोरल्याने मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी करकचून आवळून घेतली. "मुका मार आहे. शटर पडलं म्हणून सांगायचं. तोंडातून ब्र काढलास तर याद राख." असा हा प्रेमळ माणूस.

दुपारी थोरल्याची बायको वर्कशॉपवर आली, तेव्हा तो घामाने निथळत होता. दोन गोळ्या घेऊनही कळ वाढतच चालली होती. वहिनीने पट्टी कापली. कोपराखालचा हात टच्च फुगलेला, दगडासारखा कडक. बोटं पांढरीफटक आणि गार. तिने एक बोट जरासं सरळ केलं मात्र, थोरला किंचाळला. धाकट्याने त्याला जन्मात किंचाळताना ऐकलं नव्हतं.

"नखाने टोचलं, कळलं का?" वहिनीने विचारलं.

"कधी टोचलंस?"

वहिनी ताडकन उठली. "हात मरतोय, भावोजी. टेम्पो काढा."

"कोणी हलायचं नाही!" थोरल्याने डाव्या हाताने हातोडा उचलला. "याला आत टाकतील."

थांबावं का, असं धाकट्याच्या मनात आलं. संध्याकाळपर्यंत सूज उतरली तर? त्याला स्वतःचीच किळस आली. त्याने भावाच्या पोटात गुद्दा घातला, हातोडा सुटला, आणि त्याला तसंच उचलून टेम्पोत कोंबलं. वाटभर थोरला शिव्या घालत, लाथा झाडत होता. वहिनी त्याला दाबून बसली होती.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाईंनी बोटं चाचपली. "कसं लागलं? कधी?"

"शटर पडलं. आत्ताच," थोरला म्हणाला.

"आत्ता लागलेला हात असा नसतो. खरं बोला, वेळ नाहीये."

"मी मारलं," धाकटा ओरडला. "लोखंडाने. अकरा वाजता. चार तास झाले."

"थिएटर तयार करा!" बाई नर्सवर ओरडल्या. "आतल्या दाबाने रक्त अडलंय, हात लगेच चीर देऊन उघडावा लागेल."

थोरल्याने स्ट्रेचरवरून डाव्या हाताने काडकन धाकट्याच्या कानाखाली वाजवली. "गाढवा, काय करून बसलास!" मग त्याच हाताने त्याची कॉलर पकडून तो ढसाढसा रडायला लागला. आत नेताना ती मूठ सोडवायला दोन माणसं लागली.