आधी धर्माचं सांगा

नीलिमा वानखडेची शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं भरत आली होती. तिला कायम करायचं की नाही हे संस्थेच्या बैठकीत ठरणार होतं, आणि बैठकीत अध्यक्ष शिखरचंदजींच्या शब्दापुढे कोणी जात नसे. नेमका त्याच महिन्यात दहावीला उत्क्रांतीचा धडा आला.

शिखरचंदजींची नात नीलम दहावीतच होती. पुस्तक चाळून तिने घरी सांगितलं, की आपण माकडापासून झालो. दुसऱ्या दिवशी शाळेत शिखरचंदजींचा निरोप आला: धडा बोर्डाचा आहे, शिकवा, पण माणूस कसा झाला याबद्दल धर्म काय म्हणतो तेही त्याच तासाला, आधी सांगा. शनिवारी मी ऐकायला येतो.

नीलिमाला हे पटलं नाही. जे तपासून पाहता येत नाही ते विज्ञानाच्या तासाला तिने आजवर सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापक लखीराम राठोड वैतागले.

"दोन वाक्यानं काय जीभ झिजते तुमची? देवानं मानूस घडवला म्हना, अन् मंग आपलं सुरू करा. कायम झाल्यावर दाखवा बाणा."

घरात पगार तिचा एकटीचा. ती हो म्हणाली.

शनिवारी शिखरचंदजी मागच्या बाकावर गुडघे आखडून बसले.

"काही लोक मानतात, की ईश्वराने माणूस घडवला," नीलिमाने एका दमात सांगून टाकलं.

"कोन मानते?" मागून शिखरचंदजींचा आवाज आला. "आमी जैन. आमच्यात कोनी नाही घडवला. जग अनादि हाय. बनवनाराच नाही."

नीलिमा थबकली. हे राठोड सरांना सुचलं नव्हतं. पण तिला तरी कुठे सुचलं? तिच्या घरी भिंतीवर बुद्ध होते, आणि घडवणारा देव तिलाही कोणी शिकवला नव्हता. धर्माचं सांगा म्हटल्याबरोबर तिने तिसऱ्याचंच उचललं होतं.

"मॅडम, आमच्यातबी नाही," सपना इंगोले म्हणाली.

"आमच्यात हाय," रेहाना म्हणाली. "अल्लानं मातीपासून आदमले बनवलं."

"मंग पावसात वाहून नाही गेला का?" रूपलाने विचारलं.

"तुह्या डोक्यात राह्यली ना थोडी माती!"

वर्ग हसला आणि सगळे एकदम बोलू लागले. शिखरचंदजी उठून उभे राहिले.

"आमचं सांगा, मॅडम. संस्था आमी चालवतो."

नीलिमाने खडू खाली ठेवला.

"तुमचं सांगितलं, शेटजी, तर रेहानाचं खोटं ठरतं. तिचं सांगितलं, तर तुमचं. मघाशी मी बोलले ते तर तुमचंही नव्हतं अन् माझंही नव्हतं. चुकलं माझं. या तासाला मी कोणाच्याच धर्माचं सांगणार नाही."

नीलमने मान खाली घातली. बोलून झाल्यावर नीलिमाला पगार आठवला. मग तिने खडू उचलला आणि फळ्यावर माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर काढला. चौघांत हाडं त्याच क्रमाने लावलेली.

"आपापलं मनगट चाचपून बघा."

सगळ्यांनी चाचपलं. शिखरचंदजींनीही, खाली बसून.

तास संपल्यावर ते व्हरांड्यात थांबले होते.

"मंग माकड आपला बाप नाही?"

"नाही, शेटजी. फार मागे त्याचा अन् आपला पूर्वज एक होता. चुलत नातं समजा."

"चुलत? माह्या चुलतभावासंगं कोर्टात केस सुरू हाय. त्यापरीस माकड परवडलं."

हसावं की नाही, नीलिमाला कळेना.

"आमचं मी सकाळच्या परिपाठात सांगतो," ते म्हणाले. "रेहानाच्या बापालेबी बोलवा, त्यायचं ते सांगतीन. तुमच्या तासात नाही येत आता."

"अन् माझं काय, शेटजी?"

"ठेवतो तुमचं नाव कायमसाठी बैठकीत. अडवनारा मीच होतो." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "पन पोरायसमोर अध्यक्षाले असं बोलनं बरं नाही. तेबी सांगीन मी बैठकीत."

"सांगा," नीलिमा म्हणाली, आणि नववीच्या वर्गावर गेली.