झूनामायची कोठी

"सिस्टर, थूच निकाल," झूनामाय खाटेवरून म्हणाली.

सुभद्रा बाळंतिणीशेजारी बसून बाळाची नाळ पाहत होती. तिला वाटलं, म्हातारी आपल्या मोडलेल्या पायाची पट्टी काढायला सांगते आहे. पण झूनामायचा हात दाराबाहेर, अंगणातल्या कोठीकडे होता.

१९९४चा आषाढ. सुभद्रा डही गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती आणि या घरातलं बाळ याच आठवड्यात तिच्या हातावर जन्मलं होतं.

कोठी माणसाहून उंच. बांबूच्या कामट्यांनी विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, ओल आणि उंदीर चुकवायला लाकडी खांबांवर उचललेली. घर जळालं तरी दाणा वाचावा म्हणून घरापासून लांब. वर्ध्याकडे सुभद्राच्या माहेरीही बांबूचीच ढोली होती, पण ती माजघरात, भिंतीला टेकून. अमझेऱ्याच्या बाजूला तिनं दगडांवर बसवलेल्या मातीच्या कोठ्या पाहिल्या होत्या. देवासला सासरी पत्र्याची होती, घडवंचीवर ठेवलेली.

या घरात कोठी भरायची पुरुषांनी, आणि दाणा काढायचा घरच्या बाईनं. सून सुमली बाळंतपणात, सासू हातपंपाशी घसरून खाटेवर. घरातलं पीठ संपलं होतं, आणि काल शेजारून आणलेलंही.

"भुवान आहे ना," सुभद्रा म्हणाली.

झूनामायचा मुलगा भुवान शिडी धरून अंगणातच उभा होता. "म्हारा हाथ नी चाले, सिस्टर. माय नी मानेगी."

"मग शेजारची कुणी बाई?"

"पोता थारा हाथ पे आया," झूनामाय म्हणाली. "थू घर की."

सुभद्रानं बाळाचं दुपटं सारखं केलं. नवरा गेला त्या वर्षी सासरी गव्हाची कोठी उघडायची होती. नेहमीसारखी सूप घेऊन ती पुढे झाली, तेव्हा सासूबाईंनी तिच्या हातातलं सूप हलकेच काढून घेतलं होतं. "सुभद्रे, वर्षाचं धान्य आहे. आता कमलला काढू दे." कमल म्हणजे धाकटी जाऊ. सासूबाई कधी कुणावर आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नव्हता. म्हणून तर सुभद्राला भांडता आलं नाही. ती ओट्याकडे वळली आणि कणीक भिजवत बसली. पुढच्या वर्षी ती नर्सच्या शिक्षणाला गेली आणि पहिलीच नेमणूक एवढ्या लांब मिळाली तरी हूं की चूं केलं नाही.

"माय, मेरा आदमी नहीं है," ती आता म्हणाली. "तुम्हें बताया था ना."

"म्हारो आदमी कंई बैठ्यो है?" झूनामायनं बाळावरची माशी हाकलली. "जा. छोरी भूकी है."

सुमलीनं मान वळवून भिंतीकडे केली होती. सकाळपासून तिच्या पोटात नुसता चहा होता.

सुभद्रानं पदर खोचला. भुवाननं वरचं गवताचं छप्पर उचलून बाजूला केलं आणि तो लांब जाऊन उभा राहिला. आत मका तळाला गेला होता, वरून हात पुरेना. टोपली घेऊन शिडीवरून ती आत उतरली, पाय घोट्यापर्यंत दाण्यांत रुतले. कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा आणि जुन्या मातीचा वास कोंडला होता. ती तशीच उभी राहिली. कुणी हाक मारेल, नको म्हणेल, असं तिला वाटत होतं. बाहेर फक्त बाळ रडत होतं.

मग ती वाकली. ओंजळ भरली, टोपलीत टाकली. टोपली भरून वर दिली, शिडीवर चढून आलेल्या भुवाननं ती रिकामी करून परत सोडली, तिनं पुन्हा भरली.

"बस, सिस्टर," बाहेरून भुवान म्हणाला.

"पावसाचे दिवस आहेत. अजून एक ले जा."

भुवान मका घेऊन गिरणीवर गेला. सुभद्रानं झूनामायची पट्टी बदलली, सुमलीला गोळ्या समजावल्या आणि ओढा ओलांडून उपकेंद्रात परतली. बाया मुलांना घेऊन ओसरीवर खोळंबल्या होत्या. तिनं हात धुतले आणि वजनकाटा आढ्याला अडकवला.

"दीदी, बालों में भूसा लगा है," दाई रतनी म्हणाली आणि झटकायला पुढे आली.

"असू दे," सुभद्रा म्हणाली, आणि तिनं पहिलं मूल उचलून झोळीत ठेवलं.