पन्नासाव्या पानाचा नियम

वाचक मंडळाचे अध्यक्ष जन्मभर विमा कंपनीचे सर्व्हेअर होते. कुणाचं गोदाम जळालं, कुणाची मोटार खांबावर आदळली, की हे तिथे जाऊन उभे राहायचे आणि अर्धं जळालेलं पुरतं जळालं म्हणून सांगणाऱ्याकडे शांतपणे बघत बसायचे. बोलायचे काही नाहीत. समोरच्याचा आकडा आपोआप खाली यायचा. निवृत्तीनंतर बघायला गोदामं उरली नाहीत, तेव्हा हा गुण त्यांनी वाचक मंडळाच्या सेवेला जुंपला.

मंडळ पाच जणांचं. रविवारी सकाळी चष्मेवाल्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसायचं. भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, कपाटात काचा नसलेल्या फ्रेमा आणि मधोमध डोळे तपासायची उंच खुर्ची. त्या खुर्चीत चष्मेवाले स्वतः बसत. जागा त्यांची होती, त्यामुळे तक्रार कुणी करायची? बाकीच्यांना स्टुलं. एक दातांची डॉक्टर, एक शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या बाई, स्वतः अध्यक्ष आणि वर्षभरापासून यायला लागलेली त्यांची सून.

मंडळाचे नियम अध्यक्षांनीच घातले होते आणि त्यामागे इतिहास होता. पूर्वी एक छापखानेवाले मंडळात होते. ते प्रत्येक पुस्तक सगळ्यांच्या आधी वाचून यायचे आणि चर्चेत हसून म्हणायचे, "थांबा, थांबा, पुढे बघा काय होतंय ते!" त्यांच्या या हसण्याला कंटाळून दोन माणसं मंडळ सोडून गेली. तेव्हा अध्यक्षांनी ठरवलं, सुचवलेलं पुस्तक निवड होईपर्यंत प्रत्येकाने फक्त पन्नास पानं वाचायची. सुचवणाऱ्यानेही. पन्नासाव्या पानापुढच्या सगळ्या पानांना रबर बँड लावून पुस्तक हातोहात फिरवायचं. जो पुढे वाचेल त्याला मत नाही आणि चर्चेत तोंड उघडायचं नाही. छापखानेवाल्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी येणंच बंद केलं. नियम चांगला असल्याचा याहून मोठा पुरावा अध्यक्षांना नको होता.

दुसरा नियम, मतं समसमान पडली तर कमी पानांचं पुस्तक घ्यायचं. "जोखीम कमी," एवढंच कारण त्यांनी दिलं होतं.

तर यंदा लागोपाठ तीन आत्मचरित्रं झाली होती. तिसऱ्यातला नायकही अनवाणी शाळेत जायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाली, "आधीचे दोघंही अनवाणीच गेले होते. एखाद्याला तरी चपला घ्या कुणीतरी." त्या दिवशी ठरलं, पुढचं पुस्तक फँटसी. जादू, राक्षस, काय वाटेल ते, पण शाळा नको.

अध्यक्षांच्या मते फँटसी म्हणजे ज्याची चौकशी करता येत नाही असा प्रकार. ते तसं म्हणणारही होते. पण त्याच दुपारी जेवताना सून म्हणाली, "बाबा, मी एक पुस्तक सुचवू का?"

अध्यक्षांचा घास हातातच राहिला.

घरात माणसं तीन, त्यातलं एक नेहमी बाहेर. मुलगा लिफ्ट बसवायच्या कामावर गावोगाव फिरायचा आणि आठवड्यातून दोन दिवस घरी झोपायला यायचा. सासूबाई त्याच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सून आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर कुठल्याशा कंपनीचे पगार काढायची, हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचायचे. जेवताना दोघं समोरासमोर. "मीठ बरोबर आहे ना?" "आहे." "थोडी भाजी?" "पुरे." दीड वर्षात संभाषणाची एवढीच प्रगती होती. दोघंही एकमेकांशी इतक्या सभ्यतेने वागायचे की बघणाऱ्याला ते एका घरात राहतात यापेक्षा एका लॉजमध्ये उतरलेत असं वाटावं. मंडळात तिला आणण्याची कल्पना मुलाची. ती यायची, ऐकायची, मत विचारलं तर "छान आहे" म्हणायची. आणि आजवर तिने सासऱ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं.

"सुचव की," अध्यक्ष म्हणाले. "कुठलं?"

तिने आतून जाडजूड पुस्तक आणलं. 'कोरड्या नदीची नावाडीण'. रबर बँड आधीच लावलेला होता.

"मला हे कुणाबरोबर तरी वाचायचंय," ती म्हणाली आणि एवढं मोठं वाक्य झाल्यावर ताटं उचलून आत गेली.

हे पुस्तक निवडून आलंच पाहिजे, असं अध्यक्षांनी तिथल्या तिथे मनाशी ठरवलं. पुस्तकाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. उडणारी गाढवं असती तरी चाललं असतं.

मग त्यांनी हिशेब मांडला. भूगोलाच्या बाई 'अकरा बेटांचं राज्य' सुचवणार होत्या, कारण त्यात पहिल्याच पानावर घडीचा नकाशा होता. नकाशा असलेल्या पुस्तकाविरुद्ध बाईंनी मत देणं शक्य नव्हतं, त्या वाट्टेल तितक्या प्रेमळ असल्या तरी. डॉक्टर बाईंच्या बाजूने, कारण ते पुस्तक पातळ होतं आणि तिला वाचायला वेळ मिळायचा तो फक्त पेशंटच्या दाढेला भूल चढेपर्यंत. चष्मेवाले जाड पुस्तकांच्या बाजूने. त्यांचा धंदाच तो. म्हणजे दोन विरुद्ध दोन आणि पाचवं मत आपलं. अध्यक्षांनी हात झटकले. काम फत्ते होतं.

पुस्तक सगळ्यांकडून फिरून शेवटी त्यांच्याकडे आलं. नियमाप्रमाणे पन्नास पानं वाचायची म्हणून ते बसले.

गोष्ट अशी की एका नावाडिणीची नदी चोरीला जाते. सकाळी उठून बघते तर काठ आहेत, घाट आहे, नदी नाही. मग ती नाव खांद्यावर घेते आणि नदी शोधायला निघते.

"नदी चोरीला गेली!" अध्यक्ष स्वतःशीच म्हणाले. "पंचनामा केला का कुणी?"

आणि गंमत म्हणजे पुस्तकात पंचनामा होता. शेजारचा पूल सांभाळणारा जबाब देतो की आपण रात्रभर जागे होतो, आवाज कसलाच आला नाही. अध्यक्षांनी चष्मा वर केला. जागा माणूस आवाज आला नाही असं सांगतो, इथपर्यंत ठीक. पण न विचारताच सांगतो? असले साक्षीदार त्यांनी तीस वर्षं बघितले होते. हा गडी खोटं बोलत होता. आता पकडला जाणार म्हणून त्यांनी पान उलटलं, तर पन्नासावं पान संपलं होतं आणि पुढे रबर बँड.

चोरी झालेली, संशयित समोर उभा, आणि फाईल बंद करायची? ज्याने नोकरीत कधी अर्धवट फाईल खाली ठेवली नाही, त्याला हे जमणार कसं? अध्यक्ष दोन दिवस त्या रबर बँडकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी फक्त एक पान बघायचं ठरवलं.

ज्या माणसाने लोकांच्या लबाड्या पकडण्यात आयुष्य घालवलं, त्याला स्वतः लबाडी करताना किती बाळबोध व्हायला होतं, हे बघण्यासारखं होतं. पुस्तक पेपरात दडवून वाचायचे. सून पाणी प्यायला आली की पेपराचं पान फडफडवायचे. बँकेत पासबुक भरायला म्हणून गेले आणि मशीन रिकामं असूनही दोन तास बाकावर बसून आले. नावाडिणीने डोंगर ओलांडला, वाळूच्या सावकाराला हरवलं, आणि नदी कुणी नेली ते शेवटून दुसऱ्या प्रकरणात कळलं तेव्हा अध्यक्ष न्हाणीघरात स्टुलावर बसलेले होते आणि बाहेरून सून विचारत होती, "बाबा, बरं वाटत नाहीये का?"

"पोट," अध्यक्ष आतून म्हणाले. संध्याकाळी तिने त्यांना मऊ भात दिला. तो त्यांनी मुकाट्याने खाल्ला.

रबर बँड पुन्हा होता तिथे लावला. नियम मोडला होता, पण बोभाटा करून सुनेचं मत वाया घालवण्यात कुणाचं भलं होणार होतं? मतापुरतं गप्प बसायचं आणि पुढे चर्चेत आपणहून कमी बोलायचं, म्हणजे हिशेब बरोबर.

रविवारी दोन्ही पुस्तकं टेबलावर आली. सून म्हणाली, "मला हे आवडलं. म्हणजे, पन्नास पानं." आणि बसली. वकिली म्हणावी तर एवढीच.

बाईंनी नकाशाची घडी उलगडली, बेटांवरून हळुवार बोट फिरवलं आणि मग दुसऱ्या पुस्तकाकडे वळल्या. "या नदीबाईंच्या पुस्तकात नकाशा नाही, हे सोडून देऊ."

"सोडता कुठे तुम्ही?" चष्मेवाले उंचावरून म्हणाले.

"बरं, नाही सोडत. पण मला सांगा, ही बाई पन्नास पानं खांद्यावर नाव घेऊन हिंडते. नदी नाही तर नाव कशाला? ठेवावी घरी. उगाच ओझं. लेखकाला पुढे त्या नावेचं काही करायचं असेल असं मला तरी दिसत नाही."

डॉक्टरने मान हलवली. सुनेने खाली बघितलं. आणि अध्यक्षांना राहवलं नाही.

"अहो, काय करायचं असेल म्हणजे? ती नाव उलटी टाकून तिचंच छप्पर होतं! हिमवादळात त्या नावेखाली शत्रूच्या बायकोचं बाळंतपण होतं, आणि तुम्ही म्हणता घरी ठेवावी?"

डॉक्टरची हलती मान थांबली.

"अध्यक्ष," चष्मेवाले खुर्चीतून पुढे झुकत गोडपणाने म्हणाले, "हे बाळंतपण कितव्या पानावर?"

"ते मागच्या कव्हरवर लिहिलंय."

बाईंनी पुस्तक उलटं केलं. शाळेतल्या मुलाचं प्रगतिपुस्तक वाचावं तसं मागचं कव्हर वाचलं. मग पुस्तक टेबलावर ठेवलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या अध्यक्षांकडे शांतपणे बघत बसल्या.

अध्यक्षांना ही पद्धत ओळखीची होती. ती आपल्यावर चालते हे मात्र नवीन होतं.

"वाचलं," ते म्हणाले. "सगळं."

"सगळं?" डॉक्टर ओरडली. "छापखानेवाल्यांना हाकललंत तुम्ही!"

"हाकललं नाही. ते गेले."

"मत बाद," बाई म्हणाल्या. "तुमचाच नियम. दोन विरुद्ध दोन. समसमान झालं तर कमी पानांचं, हाही तुमचाच."

"आपल्याच हाताने आपल्याच पायावर," चष्मेवाले म्हणाले, "आणि तेही दोन्ही पायांवर." ते इतके खूश झाले होते की हरलेलं मत आपलं होतं, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

'अकरा बेटांचं राज्य' निवडून आलं.

जाताना सून दोन पावलं पुढे चालत होती. नेहमी ती बरोबरीने चालायची. कोपऱ्यावरच्या लाँड्रीपाशी गाड्यांसाठी थांबावं लागलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "चुकलं माझं."

"मी मंडळात आले तेव्हा हे पुस्तक वाचत होते," ती समोर बघत म्हणाली. "तुम्ही नियम सांगितलात. मी नेमकी पन्नासाव्या पानाच्या आसपास होते. म्हटलं, थांबू या. कधीतरी फँटसीची पाळी येईल, मग सगळ्यांबरोबर वाचू. वर्ष झालं बाबा, मी त्या पानावर थांबलेय. आणि तुम्ही? न्हाणीघरात?"

अध्यक्ष लाँड्रीतल्या शर्टांच्या गठ्ठ्याकडे बघू लागले.

"मी मऊ भात केला तुमच्यासाठी," ती म्हणाली. आवाज चढला होता. दीड वर्षात पहिल्यांदा. रस्ता मोकळा झाला तरी दोघं तिथेच उभे होते, आणि इस्त्री करणारा माणूस इस्त्री उभी ठेवून ऐकत होता.

"मग तू कशाला थांबतेस आता?" अध्यक्ष म्हणाले. "हरलं ना पुस्तक? हरलेल्या पुस्तकाला नियम नाही."

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग रस्ता ओलांडला.

संध्याकाळी जेवताना पुस्तक तिच्या ताटाशेजारी होतं, पाण्याच्या तांब्याला टेकवलेलं. रबर बँड नव्हता. ती एका हाताने जेवत होती आणि दुसऱ्या हाताच्या कोपराने पानं दाबून धरत होती. मीठ बरोबर आहे का, ते तिने विचारलं नाही. नव्हतं. अध्यक्षही बोलले नाहीत.

"तो पूल सांभाळणारा," मधेच ती म्हणाली, "बिचारा उगाच अडकणार यात."

"बिचारा?"

"मग काय! रात्रभर कामावर जागा, आणि वर संशय त्याच्यावरच."

अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला. "मला विचारू नकोस. वाचलेल्याने बोलायचं नाही."

"तो मंडळाचा नियम. हे घर आहे."

"तू कितव्या पानावर आहेस?"

"एकाहत्तर."

अध्यक्षांनी आठवून बघितलं. एकाहत्तरपर्यंत काय काय बोलायला मोकळीक आहे याचा अंदाज घेतला. मग ताट बाजूला सारलं. "तर मग एकाहत्तरपर्यंतचंच बोलतो. त्याला कुणी विचारलं होतं का, आवाज आला का म्हणून? नाही. मग सांगितलं कशाला?"

"घाबरला म्हणून! पोलिसासमोर माणूस घाबरतोच."

"घाबरलेला माणूस कमी बोलतो. मी तीस वर्षं हेच बघितलंय."

"तुम्ही गोदामवाले बघितलेत, बाबा. गरीब नोकरदार कुठे बघितलात? तुमच्यासमोर तर मीही घाबरते. न विचारता मीठ विचारते."

हा मुद्दा अध्यक्षांकडे नोंदलेला नव्हता.

"तरी तो खोटारडाच," ते म्हणाले.

"नाहीये!"

"पैज?"

"तुम्ही वाचलंय! तुमच्याशी पैज लावायला मी काय खुळी आहे?"

फोन वाजला. मुलाचा होता, लांबच्या कुठल्यातरी अर्धवट इमारतीतून. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि बोलत राहिली, सासऱ्याशीच. तो पलीकडून थोडा वेळ ऐकत होता.

"काय चाललंय तिकडे?" त्याने काळजीने विचारलं. "भांडताय का तुम्ही दोघं?"

"हो," सून म्हणाली. "नंतर कर."